इंग्रजी भाषेंतील नकार



माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारें आयुष्य त्यांनीं शिक्षकाच्या पेशांत घालविलें. इंग्रजी वाचन दांडगें, लेखन शुद्ध, हस्ताक्षर तर छापल्यासारखें. घरभाड्याच्या एका तंट्यांत त्यांना साक्षीसाठीं न्यायालयांत उभें राहावें लागलें. दुभाष्याची त्यांना अर्थातच गरज वाटली नाहीं. उलटतपासणींत प्रतिपक्षाच्या वकिलांनीं इंग्रजींत विचारलें, “म्हणजे ही नोटीस तुम्हांला मिळालीच नाहीं?” आमचे गुरुजी मोठ्या आत्मविश्वासानें उत्तरले, “येस.” त्यांच्या मनांतील अर्थ होता, “होय, आपण म्हणतां तें बरोबर; मिळाली नाहीं.” पण इंग्रजीच्या रीतीप्रमाणें त्या एका शब्दाचा अर्थ झाला, “मिळाली!” वकीलसाहेब किंचित् हंसले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. आपण काय बोलून बसलों याची गुरुजींना कल्पनाहि नव्हती.

या तंट्याचा शेवट काय झाला तें मी शेवटींच सांगेन. पण ज्या भाषेंत माणसानें चाळीस वर्षें अध्यापन केलें, त्या भाषेंतलें साधें ‘होय’ आणि ‘नाहीं’ त्याला ऐन वेळीं दगा देतें, ही गोष्ट विचार करण्यासारखी खास आहे. कोणतीहि परभाषा शिकतांना तिच्यांतला नकार आपण पहिल्या दिवशीं शिकतों, आणि म्हणूनच पुन्हां त्याच्याकडे वळून पाहत नाहीं. आपली समजूत अशी कीं, ‘नाहीं’ला ‘नो’ आणि ‘नको’लाहि ‘नो’, कीं झालें काम! परंतु इंग्रजीचा नकार एका शब्दांत बसलेला नाहीं. तो कधीं क्रियापदांत, कधीं प्रत्ययांत, तर कधीं निव्वळ सौजन्याच्या आड लपलेला असतो. तो कोठें कोठें राहतो याचा आज आपण थोडा माग काढूं.

प्रथम गुरुजींचीच चूक घेऊं. “तूं जेवला नाहींस ना?” असें आई विचारते, आणि मुलगा म्हणतो, “हो ना, कुठें जेवलों!” येथें आपला ‘हो’ विचारणाराच्या बोलण्याला दुजोरा देतो. तुम्ही जें म्हणतां तें खरें, एवढेंच त्याचें म्हणणें. इंग्रजींतला ‘येस’ विचारणाराकडे पाहतच नाहीं. तो फक्त घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’. मग प्रश्न कसाहि विचारलेला असो. याची एक सोपी कसोटी आहे. आपलें उत्तर मनांत पूर्ण वाक्यांत म्हणून पाहावें. त्या वाक्यांत ‘नॉट’ येत असेल तर आरंभीं ‘नो’च आलें पाहिजे. ‘येस’ म्हणून पुढें ‘नॉट’ घालणें इंग्रज कानाला तितकेंच विचित्र लागतें, जितकें आपल्याला “नाहीं, मी जेवलों नाहीं का, जेवलों” हें लागेल.

गंमत अशी कीं, ही अडचण एके काळीं इंग्रजांनाहि जाणवत होती आणि तिच्यावर त्यांनीं उपायहि योजिला होता. जुन्या इंग्रजींत होकार-नकाराचे दोन नव्हे, चार शब्द होते. साध्या प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’ असें उत्तर द्यावयाचें. प्रश्न नकारार्थी असेल तर ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणावयाचें. “तो आला काय?” याला ‘ने’, पण “तो आला नाहीं काय?” याला ‘नो’. इ. स. १५३२ मध्यें सर टॉमस मोर या विद्वान् मुत्सद्द्यानें बायबलचा भाषांतरकार विल्यम टिंडल याला याच बाबतींत धारेवर धरलें होतें. जेथें ‘ने’ हवें तेथें तूं ‘नो’ घातलेंस, असा त्याचा आक्षेप. मौज ही कीं, हा नियम समजावून सांगतांना खुद्द मोरचीच गल्लत झाली आणि नियम उलटा सांगितला गेला! जेथें नियम शिकविणाराच घसरतो, तेथें तो नियम फार काळ टिकणार नाहीं हें उघड होतें. सोळावें शतक संपण्याच्या सुमारास हा भेद बहुतेक मावळला आणि चारांचें काम दोघांवर येऊन पडलें. फ्रेंच भाषेंत ‘वी’हून निराळा ‘सी’ आणि जर्मन भाषेंत ‘या’हून निराळा ‘दोख’, असे नकारार्थी प्रश्नाला खोडून काढणारे शब्द अजूनहि नांदत आहेत. इंग्रजींत त्या जुन्या कुटुंबाचा अवशेष आतां सभागृहांत तेवढा उरला आहे. ब्रिटनच्या कॉमन्स सभेंत मतें ‘आय’ आणि ‘नो’ अशीं मोजतात. लॉर्ड्सांच्या सभेंत मात्र ‘नो’ हा शब्दच नाहीं, तेथें ‘संतुष्ट’ आणि ‘असंतुष्ट’ असे दोन पक्ष पडतात. आणि अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें जुने ‘ये’ व ‘ने’ अद्याप ऐकूं येतात.

आतां ‘नॉट’कडे वळूं. हजार-अकराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत नकार दाखविण्यासाठीं क्रियापदाच्या आधीं ‘ने’ असें एक लहानसें अक्षर ठेवीत. (वर उत्तरादाखल आलेला ‘ने’ निराळा, हा नुसता निषेधाचा उपसर्ग समजा.) संस्कृतांतला ‘न’, लॅटिनमधला ‘ने’ आणि हा ‘ने’ हीं एकाच घराण्यांतलीं भावंडें. परंतु इतक्या महत्त्वाचें काम आणि तें करणारें अक्षर इतकें क्षीण, कीं घाईच्या बोलण्यांत तें ऐकूंच येईना. म्हणून लोकांनीं वाक्यांत जोराला आणखी एक शब्द घातला. त्याचा अर्थ होता ‘कोणतीहि वस्तु नाहीं’. त्याचें रूप झिजत झिजत ‘नॉट’ असें झालें. काहीं शतकें मागें ‘ने’ आणि पुढें ‘नॉट’ असे दोघे पहारेकरी उभे होते. नंतर ‘ने’ गळून पडला आणि जोराला आलेला पाहुणाच घरधनी झाला. पुढें त्याला आधार म्हणून ‘डू’ हें सहायक क्रियापद आलें, आणि आज तोहि ‘डोन्ट’मध्यें आकसून पुन्हां क्षीण होत चालला आहे. नकार झिजतो, त्याला टेकू मिळतो, टेकूच नकार होतो, आणि तोहि झिजूं लागतो, हें चक्र ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानें १९१७ सालीं नकारावर लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत प्रथम साकल्यानें मांडलें, आणि आज तें त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. आपल्या मराठींतहि “तो कांहीं यायचा नाहीं” या वाक्यांतला ‘कांहीं’ असाच टेकू आहे; त्याला स्वतःचा अर्थ उरलेला नाहीं, तो केवळ नकाराचा हात बळकट करतो.

तो जुना ‘ने’ समूळ नाहींसा मात्र झालेला नाहीं. ‘नेव्हर’, ‘नन’, ‘नॉर’, ‘नायदर’ या शब्दांच्या आरंभींचा ‘न’ पाहा. ‘एव्हर’ म्हणजे कधींहि, त्याला ‘न’ चिकटला कीं कधींच नाहीं. ‘विली-निली’ म्हणजे इच्छा असो वा नसो. यांतल्या ‘निली’मध्यें ‘इच्छा नसणें’ या अर्थाचें एक मृत क्रियापद अजून पुरलेलें आहे.

एवढ्याशा शब्दावर केवढा भार असतो याची एक प्रसिद्ध कथा आहे. इ. स. १६३१ मध्यें लंडनच्या राजमुद्रकांनीं बायबलची एक आवृत्ति छापली. दहा आज्ञांपैकीं व्यभिचार करूं नकोस या आज्ञेंतला ‘नॉट’ तेवढा छापावयाचा राहून गेला, आणि व्यभिचार हें धर्मकर्तव्य होऊन बसलें! मुद्रकांना तीनशें पौंड दंड झाला, प्रती गोळा करून नष्ट करण्यांत आल्या. ज्या थोड्या उरल्या त्यांना आज ‘दुष्ट बायबल’ या नांवानें संग्राहक मोठी किंमत देतात. छापण्यांत जें घडतें तें बोलण्यांत रोज घडतें. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला शेवटचा ‘ट’ गाडीच्या खडखडाटांत विरून जातो, आणि ‘येऊं शकतों’ व ‘येऊं शकत नाहीं’ यांत फरक उरत नाहीं. म्हणून विमानाचे वैमानिक बिनतारी संभाषणांत ‘नो’ म्हणत नाहींत. ‘निगेटिव्ह’ असा चांगला लांबलचक शब्द वापरतात. जेथें प्राणावर बेतण्याचा प्रसंग, तेथें नकार ठसठशीतच हवा. टेलिफोनवर इंग्रजी बोलतांना आपणहि ‘कान्ट’ऐवजीं ‘कॅनॉट’ असें सुटें म्हटल्यास पुष्कळ घोटाळे वांचतील.

दोन नकार एकत्र आल्यास काय होतें? चॉसरच्या काळीं, म्हणजे चौदाव्या शतकांत, एका वाक्यांत तीन-तीन, चार-चार नकार घालीत आणि ते सारे मिळून एकच जोरदार ‘नाहीं’ होत असे. शेक्सपिअरहि ही चैन करतो. अठराव्या शतकांतल्या व्याकरणकारांनीं मात्र गणिताचा न्याय लावला. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याच्या, १७६२ सालीं प्रथम निघालेल्या व्याकरणानें दोन नकार परस्परांना मारतात हें सूत्र रूढ केलें, आणि तेव्हांपासून शिष्ट इंग्रजींत एका वाक्याला एकच नकार हा दंडक झाला. सामान्य जनांच्या बोलींत जुनी चाल अजूनहि चालू आहे; तिला अडाणीपणा म्हणण्यापूर्वीं तिच्या मागें चॉसर उभा आहे हें ध्यानांत असावें. या दंडकापायीं आपल्या विद्यार्थ्यांची एक विशिष्ट चूक होते. “कोणीहि आलें नाहीं” याचें शब्दशः रूप ते “एनीबडी डिड नॉट कम” असें करतात. हें वाक्य इंग्रजींत उभेंच राहत नाहीं. इंग्रजीला नकार लवकर हवा असतो. वाक्याच्या तोंडाशींच “नोबडी केम” असें सांगून ती मोकळी होते. आपली मराठी शेवटपर्यंत उत्कंठा ठेवून मग ‘नाहीं’ म्हणते.

मराठीकडे वळलोंच आहों, तर एक तुलना करूं. “तें पुस्तक येथें नाहीं”, “तें माझें पुस्तक नव्हे”, “तें पुस्तक मला नको”, “तें पुस्तक वाचूं नये” — नसण्याला ‘नाहीं’, वेगळेपणाला ‘नव्हे’, अनिच्छेला ‘नको’ आणि निषेधाला ‘नये’, अशीं आपल्याकडे चार स्वतंत्र दालनें आहेत. इंग्रजींत या चारींना बहुधा एकच ‘नॉट’ पुरतो. भेद दाखविण्याचें काम त्याच्या सोबतच्या क्रियापदाकडे असतें. म्हणून इंग्रजीचा नकार नीट समजावा असें वाटत असेल, तर ‘नॉट’कडे न पाहतां त्याच्या शेजाऱ्याकडे पाहावें.

या शेजाऱ्यांत सर्वांत फसवी जोडी ‘मस्ट’ आणि ‘नीड’ यांची. ‘मस्ट’ म्हणजे ‘केलेंच पाहिजे’ असें आपण पाठ केलेलें असतें. मग ‘मस्ट नॉट’ म्हणजे ‘केलेंच पाहिजे असें नाहीं’, हा हिशेब सरळ वाटतो, आणि तेथेंच घात होतो. ‘मस्ट नॉट’ म्हणजे करतां कामा नये! ‘करण्याची गरज नाहीं’ हें सांगण्यासाठीं ‘नीड नॉट’ आहे. डॉक्टरांनीं चिठ्ठीवर रोग्यानें अमुक गोळी “मस्ट नॉट” घ्यावी असें लिहिलें आणि घरच्या मंडळींनीं तें ‘घेतली नाहीं तरी चालेल’ असें वाचलें, तर काय अनर्थ होईल तें सांगावयास नको. उलट “आतां तें औषध घ्यायला नको” हें आपलें मराठी वाक्य घ्या. त्याचा अर्थ ‘गरज उरली नाहीं’ असाहि होतो आणि ‘घेणें बरें नव्हे’ असाहि. चार दालनें असूनहि येथें आपलीच भाषा संदिग्ध आहे आणि इंग्रजी काटेकोर. ‘मे नॉट’च्या बाबतींत इंग्रजीहि आपल्यासारखीच डळमळते. “ही मे नॉट कम” म्हणजे तो कदाचित् येणार नाहीं. पण “यू मे नॉट कम इन” म्हणजे तुम्हांला आंत येण्याची परवानगी नाहीं.

कांहीं नकार असे आहेत कीं ज्यांत नकाराचें चिन्हच दिसत नाहीं. “ही हॅज अ फ्यू फ्रेंड्स” म्हणजे त्याला थोडे मित्र आहेत. त्यांतला एवढासा ‘अ’ काढला कीं त्याला मित्र जवळजवळ नाहींतच! ‘लिटल’ची हीच तऱ्हा. “टू टायर्ड टु ईट” यांत ‘नॉट’ कोठेंच नाहीं, पण तो माणूस उपाशीच झोपणार हें निश्चित. ‘हार्डली’ हा शब्द ‘हार्ड’चा मुलगा दिसला तरी त्याचा अर्थ ‘कष्टानें’ असा नसून ‘क्वचितच’ असा आहे. एखाद्याच्या शिफारसपत्रांत “ही वर्क्स हार्डली” असें लिहिणारानें त्याची नोकरी घालविलीच म्हणून समजावें.

उपसर्गांनीं होणारा नकारहि असाच. ‘अन्’ हा इंग्रजीचा मूळचा, ‘इन’ लॅटिनमधून आलेला. आणि दोघेहि आपल्या ‘अ’ व ‘अन्’चे सगोत्र. परंतु ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नव्हे, तर ज्याचें मोल करतां येत नाहीं असें. अगदीं आपल्या ‘अमूल्य’सारखें. उलट ‘इन्फ्लॅमेबल’ या शब्दांतला ‘इन’ नकाराचा नाहींच. तो ‘पेटविणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूबरोबर आलेला आहे. पण लोक त्याला ‘न पेटणारें’ समजतील या भीतीनें विसाव्या शतकांत सुरक्षेच्या कामांत ‘फ्लॅमेबल’ हा शब्द मुद्दाम पुढें आणण्यांत आला. नकार नसतांना नकार दिसणें हेंहि नकार न दिसण्याइतकेंच धोक्याचें.

आतां व्याकरण सोडून व्यवहाराकडे येऊं. एखाद्याला नाहीं म्हणावयाचें आहे, तें इंग्रज कसें म्हणतो? त्याच्यापाशीं शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांचें वजन निरनिराळें आहे. ‘रिफ्यूज’ म्हणजे सरळ नकार देणें. त्यांत ताठरपणा आहे. ‘डिक्लाइन’ म्हणजे नम्रपणें नाकारणें. आमंत्रणाला, मानाला, पदाला हा शब्द शोभतो. ‘रिजेक्ट’ म्हणजे पारखून टाकून देणें. तो अर्जाला किंवा मालाला लावावा, यजमानाच्या निमंत्रणाला लावूं नये. ‘डिनाय’ म्हणजे मुख्यतः आरोप किंवा विधान खोटें म्हणून नाकारणें. “त्यांनीं चहा नाकारला” यासाठीं ‘डिनाय’ योजिल्यास चहा मुळीं अस्तित्वांतच नव्हता असा कांहींसा भास होतो! परंतु शिष्ट इंग्रज यांपैकीं एकहि शब्द समोरासमोर सहसा उच्चारीत नाहीं. तो म्हणतो, “आय ॲम अफ्रेड...” — मला भीति वाटते. त्याला भीति मुळींच वाटत नसते. तो म्हणतो, “यायला मला फार फार आवडलें असतें, पण...” या ‘पण’च्या अलीकडे जितका गोडवा अधिक, तितका पलीकडचा नकार पक्का समजावा.

या कलेचा नमुना त्यांच्या राज्यकारभारांतच आहे. पार्लमेंटनें संमत केलेल्या विधेयकाला राजानें नकार द्यावयाचा असेल, तर त्यासाठीं जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्यें एक ठरीव वाक्य आहे. त्याचा अर्थ एवढाच कीं, “राजेसाहेब विचार करतील.” १७०८ सालीं ॲन राणीनें स्कॉटलंडच्या नागरी सैन्यासंबंधींच्या विधेयकाला असाच ‘विचार’ दिला, तें विधेयक तेथेंच संपलें. त्यानंतर आजपर्यंत कोणा राजा-राणीनें तो अधिकार वापरलेला नाहीं.

हें ऐकून इंग्रजांना दांभिक म्हणण्याची घाई मात्र कोणी करूं नये. “पत्रिका जमत नाहीं” हें वाक्य आपल्या किती घरांतून गेलें आणि किती घरांत आलें असेल! त्या वाक्यांत पत्रिकेचा किती संबंध असतो तें मुलीचा बाप जाणतो, मुलाचा बापहि जाणतो. निरोप घेतांना “जातों” न म्हणतां “येतों” म्हणणारे आपण. “पाहूं”, “बघूं”, “सवडीनें कळवितों” हे आपलेहि ठेवणींतले नकारच आहेत. फरक इतकाच कीं, आपल्या भाषेंतला झांकलेला नकार आपल्याला ओळखतां येतो आणि परक्या भाषेंतला येत नाहीं. तरुणपणीं मीं एका इंग्रजी नियतकालिकाकडे लेख पाठविला होता. संपादकांचें उत्तर आलें कीं, लेख मोठ्या आस्थेनें वाचला, परंतु ‘सध्यां’ जागा देतां येत नाहीं याबद्दल खेद वाटतो. मीं तें ‘सध्यां’ खरें मानलें, आणि दर दोन महिन्यांनीं जागा झाली काय म्हणून वर्षभर विचारीत राहिलों! पत्रांत ‘नो’ कोठेंच नव्हतें. तें सबंध पत्रच ‘नो’ होतें.

मला दिलेली वेळ संपत आली. तेव्हां गुरुजींचें काय झालें तें सांगून पुरें करतों. त्यांचे वकील सावध होते. फेरतपासणींत त्यांनीं प्रश्नांतला नकार काढून टाकला आणि सरळ विचारलें, “ही नोटीस तुम्हांला केव्हां तरी मिळाली होती काय?” गुरुजी म्हणाले, “नो. आय नेव्हर रिसीव्ड इट.” न्यायाधीशांनीं तें पूर्ण वाक्य टिपून घेतलें आणि घर राहिलें. बाहेर आल्यावर सारा प्रकार कळला, तेव्हां गुरुजींच्या कपाळाला घाम आला. ते मला म्हणाले, “चाळीस वर्षें मुलांना सांगत आलों कीं उत्तर पूर्ण वाक्यांत लिहा. स्वतःवर पाळी आली तेव्हां मात्र विसरलों.”

परभाषेंत बोलतांना होकार-नकाराची शंका आली, तर एका शब्दावर विसंबूं नये. वाक्य पूर्ण करावें. आणि दुसऱ्याचें ऐकतांना मात्र ‘नो’ शोधीत बसूं नये. शेजारचें क्रियापद पाहावें, ‘पण’ कोठें आला तें पाहावें. हें साधलें म्हणजे परक्या माणसाचें ‘नाहीं’ आपल्याला न दुखावतां कळेल, आणि आपलें ‘नाहीं’ त्याला न दुखावतां कळवितां येईल.